गेट लावले, कॅमेरे लावले, पुढे काय?

अमरावतीचे साईनगर असो की अकोल्याचा गोरक्षण रोड, एखाद्या लेआउटमध्ये घर फुटले की दुसऱ्या संध्याकाळी ओपन स्पेसमधल्या मंदिरात बैठक भरते. कडी-कोयंडा कसा तोडला, आलमारी कशी उचकटली, घरची मंडळी लग्नाला गेल्याचे चोराला कळले कसे, यावर तासभर चर्चा रंगते. मग कोणीतरी जाणता माणूस निकाल देऊन टाकतो, ‘आपल्यातला नाही भाऊ, बाहेरचाच असन.’ पुढचे तीन ठराव ठरलेलेच असतात. लेआउटच्या तोंडाशी गेट बसवायचे, कोपऱ्याकोपऱ्यावर कॅमेरे लावायचे आणि फेरीवाले, भंगारवाले, भिक्षा मागणारे, भाड्याच्या खोलीतली पोरे यांच्यावर नजर ठेवायची. वर्गणी जमते, व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप निघतो आणि मंडळी निर्धास्त होतात.

या बैठकीमागची भीती खोटी नाही. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या डुप्लेक्सचे दार तुटलेले पाहिले की माणूस हादरतो. पुढे कित्येक रात्री त्याला खुट्ट झाले तरी जाग येते. त्या भीतीची टिंगल करणाऱ्याचे घर कधी फुटलेले नसते. वाद भीतीशी नाही, तिच्यावर उभ्या केलेल्या मांडणीशी आहे. धोका बाहेरून येतो, तो अनोळखी माणसाच्या रूपाने येतो आणि आत-बाहेरची हद्द पक्की केली की रहिवासी सुरक्षित होतात, अशी ही मांडणी आहे. ती चुकीची आहे, खर्चिक आहे आणि काही वेळा ती माणसाचा जीवही घेते.

गेट लावून वस्ती वाचवण्याचा प्रयोग अमरावतीने दोनशे वर्षांपूर्वीच करून पाहिला. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना संरक्षण हवे होते, म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये दगडी परकोटाचे काम सुरू झाले. सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट, महाजनपुरा गेट ही नावे आजही ऑटोवाल्यांच्या तोंडी आहेत. त्यातल्या नागपुरी आणि खोलापुरी गेटच्या नावाने तर पोलीस ठाणी चालतात. परकोट भक्कम होता यात वाद नाही. पण पेंढारी काही त्या दगडांवर डोके आपटून संपले नाहीत. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली, टोळ्या मोडल्या, म्होरक्यांपैकी अमीरखानाला टोंकचे संस्थान मिळाले, करीमखानाला गोरखपूरकडे जमीन देऊन बसवले गेले, तेव्हा धाडी थांबल्या. राज्ययंत्रणेने गुन्हेगारांचा पाठलाग केला आणि काहींना पोटापाण्याची दुसरी वाट दिली. परकोटाचे सांगायचे तर त्याच्या एका खिडकीला पुढे खुनारी खिडकी हे नाव पडले. तिच्याजवळच्या मारामारीत सातशेच्या आसपास माणसे मेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे.

आजचे शहर राहटगावपासून बडनेऱ्यापर्यंत पसरले आहे आणि त्याला कोणी परकोट घालू शकत नाही. म्हणून ज्याला परवडते तो आपल्यापुरता तुकडा बंद करतो. असे गेट चोराला पाच-दहा मिनिटे अडवते. घंटागाडी, गॅसवाला, शाळेची व्हॅन, ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाचा बंब यांना ते रोज अडवते. शिवाय लेआउटमधला रस्ता महापालिकेकडे गेलेला असेल तर तो सार्वजनिक असतो आणि त्याला कुलूप घालण्याचा अधिकार कोणत्याही रहिवासी मंडळाला नसतो, ही गोष्ट ठराव करताना कोणाच्या लक्षात येत नाही.

धोका अनोळखी माणसाकडूनच येतो, हे गृहीतक तर आकड्यांपुढे टिकतच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराचा आरोपी पीडितेच्या ओळखीचा असल्याचे प्रमाण वर्षानुवर्षे ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, शिक्षक असे हे लोक असतात. त्यांना गेटवरचा माणूस हटकत नाही, उलट नमस्कार करतो.

अकोला जिल्ह्यातलेच उदाहरण आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बाळापूर तालुक्यातल्या काजीखेड येथे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आठवीच्या मुलींचा विनयभंग केल्याच्या आरोपावरून त्यांच्याच शिक्षकाला अटक झाली. मुलींनी १०९८ या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर तक्रार केली आणि प्रकरण बाहेर आले. गावाच्या वेशीवर कितीही पहारा ठेवला असता तरी तो माणूस रोज सकाळी हजेरीपट घेऊन वर्गात शिरलाच असता. उपयोगी पडला तो एक फोन क्रमांक, आणि तो लावण्याची मुलींची हिंमत.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आले. आठवडाभर झुंजून ती गेली. मारेकरी तिच्याच गावचा होता आणि तिच्या मागे लागलेला होता. १० फेब्रुवारी २०२२ ला न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. अशा घटनेनंतर मुलींनी सातच्या आत घरात यावे, असा सल्ला हमखास दिला जातो. ती प्राध्यापिका सकाळी, वर्दळीच्या चौकातून नोकरीवर निघाली होती. घड्याळाच्या सल्ल्याने तिचे काय भले झाले असते? मुलीच्या मागे लागणाऱ्या पोराबद्दल पहिल्याच वेळी तक्रार नोंदवली जाते का, नोंदवली तर पोलीस त्याला बोलावून तंबी देतात का, आणि घरचे मुलीचीच बाहेर जाण्याची वाट बंद करतात का, हे खरे प्रश्न आहेत. घराच्या आत चालणाऱ्या मारहाणीचेही तसेच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला, त्यात संरक्षण अधिकाऱ्यांची तरतूद आहे. पण लेआउटचे सगळे कॅमेरे रस्त्याकडे तोंड करून बसवलेले असतात आणि भिंतीपलीकडचे ओरडणे ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून सोडून दिले जाते. सुरक्षेच्या गप्पा मारणाऱ्या ग्रुपवर या ओरडण्याबद्दल एक ओळही येत नाही.

कॅमेऱ्याचे भक्त म्हणतील, चोर सापडतो तो फुटेजवरच. काही वेळा सापडतो, हे मान्य. तपासाला कॅमेऱ्याची मदत होते. पण वर्गणी मागताना आश्वासन दिलेले असते ते चोरी टळण्याचे. जगभरच्या चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे गुन्ह्यांत सरासरी १३ टक्के घट झाल्याचे त्यात दिसले. सर्वांत चांगला परिणाम वाहनतळांवर होता, निवासी भागांतही काही प्रमाणात होता. हिंसक गुन्ह्यांवर मात्र ठळक परिणाम आढळला नाही. जिथे पडद्यासमोर माणूस बसून पाहत होता आणि जोडीला इतर उपाय होते, तिथे कॅमेरा अधिक उपयोगी ठरला. आपल्या लेआउटमधला कॅमेरा कोण पाहत बसतो? त्याचा डीव्हीआर कोणाच्या तरी हॉलमध्ये टीव्हीमागे धूळ खात असतो, काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते आणि पोलीस मागायला आले की हार्डडिस्क बंद असल्याचा शोध लागतो. हेल्मेट घातलेला, तोंडाला दुपट्टा बांधलेला दुचाकीस्वार चित्रात दिसला तरी वऱ्हाडच्या उन्हाळ्यात अर्धे गाव तसेच फिरते.

रस्त्यावरच्या दिव्याचे बघा. उजेड वाढवल्याने गुन्हे कमी होतात का, याचा असाच आढावा २००८ मध्ये घेतला गेला. घट निघाली २१ टक्के. त्यातली गंमत अशी की काही ठिकाणी दिवसाचेही गुन्हे कमी झाले. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा, की दुरुस्त केलेल्या, नांदत्या रस्त्यावर लोकांचा वावर आणि आस्था वाढते आणि तीच राखण करते. दिवा लावणे हे महापालिकेचे काम आहे आणि त्याचे पैसे करातून आधीच वसूल झालेले असतात. पण दिव्यासाठी महापालिकेच्या मागे लागावे लागते. कॅमेरा दुकानातून विकत आणता येतो. मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत संपली. त्यानंतर तिथे प्रशासक बसला आणि पुढची काही वर्षे बंद खांबाबद्दल जाब विचारायला वॉर्डात नगरसेवकच उरला नाही. त्या काळात लेआउटांनी वर्गणी काढून कॅमेरे घेतले. रिकाम्या प्लॉटवर माजलेले गाजरगवत आणि बाभळी, फुटलेले कुंपण, अंधारी गल्ली, हे सगळे कॅमेऱ्याच्या चित्रातही तसेच अंधारे राहिले.

तिसरा ठराव सर्वांत घातक आहे. ‘संशयितांवर नजर’ म्हणजे प्रत्यक्षात कोणावर? वऱ्हाडात याचे उत्तर बैठकीत उघड बोलले जात नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. फासेपारधी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले आणि पोलिसांची सवय व गावाची नजर फारशी बदलली नाही. कुठे घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या बेड्यावर जाते. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला. गुन्हेगार जमाती कायद्यातून सुटलेल्या विमुक्त जमातीचा माणूस म्हणजे सराईत गुन्हेगार, असे गृहीत धरणाऱ्या तुरुंग-नियमांवरही न्यायालयाने बोट ठेवले. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागले.

याच फासेपारधी समाजातले मतीन भोसले हे शिक्षक. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात, मंगरूळ चव्हाळा येथे त्यांनी २०१२ मध्ये सरकारी नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. रेल्वे स्टेशनवर, सिग्नलवर भीक मागणारी मुले त्यांनी गोळा केली आणि शिकायला बसवली. गुन्ह्याच्या प्रतिबंधाचे इतके सरळ काम या विभागात फार थोड्या ठिकाणी झाले असेल. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या आखणीत शाळेच्या वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडले गेले. सुरक्षेची काळजी वाहणाऱ्या किती रहिवासी मंडळांनी तेव्हा निषेधाचे साधे पत्र लिहिले?

अनोळखी माणसावर नजर ठेवण्याचा शेवट कुठे होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशा व्हॉट्सॲपवरच्या अफवा आधीच पसरलेल्या. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे भिक्षा मागायला आले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. पाचही जण निरपराध होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तरी १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक असेच मारले गेले. टाळेबंदीत चोर आणि मुले पळवणारे फिरतात या अफवेने गावकरी रात्रीची गस्त घालत होते. जीव घेणारी ती गर्दी आदल्या रात्रीपर्यंत गावाची सुरक्षा समितीच होती. सुखवस्तू वस्तीत असे होत नाही, असा कोणाचा समज असेल तर अमेरिकेतले सॅनफर्ड आठवावे. फ्लोरिडातल्या त्या गावी २६ फेब्रुवारी २०१२ ला गेटबंद वसाहतीच्या पहारा मंडळाच्या स्वयंसेवकाने सतरा वर्षांच्या ट्रेव्हॉन मार्टिन या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला संशयावरून गोळी घातली. मुलगा त्या वसाहतीत पाहुणा म्हणून राहत होता. स्वयंसेवक पुढच्या वर्षी निर्दोष सुटला.

कायदा नागरिकाला काय करू देतो, हेही माहीत असलेले बरे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो. मात्र त्याला विनाविलंब, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. ‘संशयास्पद वाटला’ म्हणून कोणाला पकडण्याची मुभा त्यात नाही. खांबाला बांधून मारण्याची, मारताना चित्रफीत काढून ग्रुपवर टाकण्याची तर नाहीच. जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, असे भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आता स्पष्ट लिहिले आहे.

दरम्यान पैसा जातो आहे तो निराळ्याच दाराने. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ मध्ये देशातल्या नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले; आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता. या चोराला लेआउट कुठे आहे हेही माहीत नसते. त्याला हवा असतो फोनवर एकटा सापडलेला माणूस. अमरावतीच्या रुक्मिणीनगरात, अकोल्याच्या जठारपेठेत अशी माणसे घरोघरी आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात. घरात दोघेच, हाताशी निवृत्तीचे पैसे. गणवेशातला तोतया व्हिडिओ कॉलवर सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कोणाशी बोलू नका. अशी अटक भारतातल्या कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना यावर बोलावे लागले, इतका हा प्रकार फोफावला. ‘कोणाशी बोलू नका’ हे वाक्य या धंद्याचा कणा आहे. त्या क्षणी शेजारच्या काकूंनी दार ठोठावून साखर मागितली असती तरी डाव उधळला असता. वृद्ध जोडप्याची रोज विचारपूस करणारा शेजारी आणि पैसे गेल्याबरोबर १९३० वर फोन लावण्याची माहिती, या दोन गोष्टींना वर्गणी लागत नाही. म्हणूनच बहुधा त्या ठरावात येत नाहीत.

पोलिसांच्या बाजूनेही एक ठरीव उत्तर मिळते. दागिने घालून फिरू नका, घर बंद ठेवून गावाला जाऊ नका, अनोळखी माणसाला घरात घेऊ नका. सल्ला वाईट नाही, पण तो संपतो तिथे पोलिसांचे काम सुरू व्हायला हवे. मंगळसूत्र हिसकावणे हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा झाला आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायदा बाईच्या गळ्यातले दागिने तिच्या गळ्यातच राहावेत म्हणून आहे. ते लॉकरमध्ये राहावेत म्हणून नाही. तडीपारीचेही तसेच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली गुंडाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. अमरावतीतून हद्दपार झालेला माणूस शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या अकोल्यात उतरला, तर एका शहराची डोकेदुखी दुसऱ्याला मिळाली, एवढाच फरक. जालन्याच्या एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तडीपारीचा आदेश रद्द केला आणि हा असाधारण उपाय क्वचितच वापरावा, असे बजावले. वर्तमानपत्रातली ‘इतके गुंड तडीपार’ ही बातमी वाचून टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते गेले कुठे, हे विचारले पाहिजे.

‘मग हात बांधून बसायचे का?’ असा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. पोलिसांचे मनुष्यबळ अपुरे, एका बीट अंमलदाराकडे बंदोबस्तापासून समन्सपर्यंत सगळी कामे. नागरिकांनी काहीच करू नये असे कोणी म्हणत नाही. शेजाऱ्यांनी मिळून पहारा ठेवण्याचा उपयोग होतो, असेही अभ्यास सांगतात. परदेशांतल्या अशा योजनांच्या आढाव्यात १६ ते २६ टक्के घट दिसली. पण सर्वांत ठळक यश जिथे मिळाले, तिथे काय केले ते बघण्यासारखे आहे.

इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट या वसाहतीत १९८०च्या दशकात घरफोड्यांचा कहर झाला होता. अभ्यासकांनी चोरांशी, शेजाऱ्यांशी आणि घर फुटलेल्यांशी बोलून शोध घेतला. दोन गोष्टी निघाल्या. घराघरात नाणी टाकून चालणारे वीज-गॅसचे मीटर होते आणि त्यांतली रोकड हेच चोराचे आमिष होते. दुसरे म्हणजे, एकदा फुटलेले घर थोड्याच दिवसांत पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांच्या कितीतरी पट होती. म्हणून नाण्यांचे मीटर काढले, फुटलेल्या घराची दारे-खिडक्या लगेच मजबूत केल्या आणि सबंध वसाहतीवर पहारा ठेवण्याऐवजी त्या एका घराभोवतालच्या सहा घरांना लक्ष ठेवायला सांगितले. तीन वर्षांत घरफोड्या सुमारे पाऊण हिश्श्याने कमी झाल्या. वसाहतीला कोणी गेट घातले नाही आणि कोणत्या जमातीवर पाळतही ठेवली नाही.

आपल्याकडे भिवंडीत १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना टाळून यंत्रमाग कामगार, दुकानदार, ऑटोवाले अशा दोन्ही धर्मांच्या साध्या माणसांना एकत्र बसवले. भांडण लहान असतानाच ते समितीपुढे येऊ लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा १९८४ च्या दंगलीने बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. त्या समितीत बसलेली माणसे आधी एकमेकांना संशयितच वाटत होती. हा प्रयोग भंगारवाल्याला गेटवर अडवणाऱ्या समितीच्या नेमका उलट आहे.

कर्कहोल्टचा धडा वऱ्हाडात लावायचा तर आधी इथली घरे कधी आणि कशी फुटतात ते पाहावे लागेल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. २०२४ च्या मेअखेर तर उष्म्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले. अशा रात्री घरदार गच्चीवर झोपते आणि खालचा मजला मोकळा राहतो. जे खाली झोपतात त्यांच्या उशाशी कूलर घरघरत असतो. मागचे दार उचकटल्याचा आवाज त्यात बुडून जातो. कूलर बसवण्यासाठी खिडकीची जाळी काढलेली असते. याच दिवसांत लग्नसराई आणि मुलांच्या सुट्या, म्हणजे बंद घरे. गेटवरच्या गुरख्याच्या शिट्टीने यातले काहीच बदलत नाही. कूलरच्या खिडकीला लोखंडी चौकट, मागच्या दाराला आतून आडणा, गच्चीच्या जिन्याला दार, गावाला जाताना दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना किल्ली नाही तरी खबर, पेपर-दूध बंद, अंगणात कोणीतरी रोज सडा टाकणे, आणि लग्नाचे फोटो परतल्यावरच स्टेटसला, एवढ्याने चोराचे काम अवघड होते. ज्याचे घर फुटले त्याला मागाहून ‘तुम्हीच निष्काळजी’ असे ऐकवण्यापेक्षा त्याच आठवड्यात त्याची कडी बदलून देणे जास्त उपयोगाचे.

यापुढचे काम ठाण्यातले आहे आणि तिथे रहिवाशांनी आवाज चढवला पाहिजे. चोरीची तक्रार घेऊन गेलेल्याकडून साधा अर्ज लिहून घ्यायचा, मोबाइल ‘हरवला’ अशी नोंद करायची आणि घरी पाठवायचे, हा जुना रिवाज आहे. गुन्हा नोंदवलाच नाही तर त्या भागात गुन्हा घडल्याचे कागदावर दिसत नाही आणि गस्त वाढत नाही. दखलपात्र गुन्ह्यात प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये घटनापीठाच्या निकालात सांगितले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे आता हद्द कोणाचीही असली तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करायची असते आणि प्रत फुकट मिळते. ठाणेदाराने नकार दिला तर वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते. कलम १९३ नुसार तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ही तरतूद लेआउटमधल्या किती जणांना माहीत आहे? आणि ठाण्यात प्रत्येक ठिकाणी कॅमेरे असावेत, त्यात आवाजही नोंदला जावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा आदेश आहे. कॅमेऱ्यांची हौस असेल तर त्यांची चौकशी आधी तिथे करावी.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या रहिवासी मंडळांना एवढेच सांगणे आहे. गेटच्या वर्गणीचे पुस्तक बाजूला ठेवा. आपल्या लेआउटमधले बंद दिवे आणि माजलेले रिकामे प्लॉट यांची यादी करून महापालिकेत पोच घेऊन द्या. गेल्या वर्षभरात किती घरे फुटली, किती तक्रारी प्रथम खबर म्हणून नोंदल्या गेल्या आणि ९० दिवसांची माहिती किती जणांना मिळाली, हे ठाणेदाराला लेखी विचारा. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या दोन शेजाऱ्यांची नावे नक्की करा. ११२ (तातडीची मदत), १०९८ (बालके), १८१ (महिला) आणि १९३० (सायबर फसवणूक) हे क्रमांक शाळेत, मंदिरात, किराणा दुकानात ठळक लावा. आणि ग्रुपवर कोणा फिरस्त्याचा फोटो ‘सावधान’ म्हणून आला, तर तो पुढे न पाठवता ११२ ला फोन करा; फोटो टाकणाऱ्यालाही तेच सांगा.